हातातली सुई

"आता सहा महिने तुम्हीच तिचा टीव्ही," स्पीच थेरपिस्ट अर्चना मॅडम म्हणाल्या होत्या. "तिच्यासमोर बसा, तोंड नीट उघडून बोला. तुमचे ओठ, जीभ, सगळं तिला दिसलं पाहिजे. आणि एकच भाषा. मराठी तर मराठी."

केया तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि तिचे सगळे मिळून सतरा शब्द होते. मी फ्रिजवर यादी लावली होती. त्यात अरबी 'यल्ला', म्हणजे 'चला', होता, 'नो' होता, 'बस' होता. हा 'बस' म्हणजे 'पुरे' की शारजातल्या आमच्या नहदाच्या बिल्डिंगखालून जाणारी बस, हे मला कळलेलं नव्हतं. 'आई' यादीत नव्हता. मार्चमध्ये केजीचा इंटरव्ह्यू होता आणि शाळेच्या पत्रात लिहिलं होतं, मुलाला स्वतःचं नाव सांगता आलं पाहिजे.

म्हणून मी बोलायला लागले. मुळात मी फार बोलणारी नाही, कॉलेजात वर्गातसुद्धा माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. पण आता सकाळी दूध तापवण्यापासून सुरुवात. हे बघ दूध. दूध वर आलं. गॅस बंद केला. क्रिकेटची कॉमेंट्री करावी तसं. केया माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. दुपारपर्यंत माझे गाल दुखायचे.

तीन आठवड्यांनी एका सकाळी जांभई देताना उजव्या कानाजवळ कट्‌ असा आवाज आला आणि तोंड अर्ध्यावर अडकलं. माझ्या नवऱ्याला, निखिलला, वाटलं मी त्याला वेडावून दाखवतेय. तो टाय बांधत हसत होता. मग त्याच्या लक्षात आलं.

डेंटिस्टनं माझी बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. "तीन जायला हवीत, तुमची जेमतेम दीड जातात," तो म्हणाला. जबड्याचा सांधा आणि त्याच्याभोवतीचे स्नायू आखडलेत. झोपेत दात आवळता. जड काही उचलता का, मुलीला एका कडेवर घेता का. आणि काही टेन्शन आहे का?

"नाही," मी म्हटलं. शेजारी बसलेल्या निखिलनं छताकडे बघितलं.

गोळ्या, गरम पाण्याचा शेक, मऊ जेवण. "आणि बोलणं शक्य तितकं कमी करा."

आता काय करायचं हे मला कोणी सांगेना. एक जण म्हणते दिवसभर बोला, दुसरा म्हणतो गप्प बसा. दोघांच्याही भिंतीवर डिग्र्या लटकलेल्या. मी मधला रस्ता काढला, म्हणजे बोलत राहिले, पण दात न उघडता. पंधरा दिवस गोळ्या खाल्ल्या. फरक शून्य.

आमच्या खालच्या मजल्यावर मैमुनाबी राहतात. मूळच्या दापोलीकडच्या, पंचवीस वर्षं शारजात. अरबी त्यांना घरच्यासारखं येतं. त्यांच्या डोकेदुखीवर रोल्लाला एक चिनी डॉक्टरीण सुया लावते. "अगो, जा तू," त्या म्हणाल्या. "हाताला इथं सुई टोचते, इथं." अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधली मऊ जागा त्यांनी दाबून दाखवली. "डोकं, दात, जबडा, सगळ्याची चावी ती. बाकीच्या सुया नुसत्या शोभेच्या. मी येते तुझ्याबरोबर."

पण त्या आठवड्यात त्यांची मुलगी अजमानमध्ये बाळंत झाली. मी केयाला घेऊन एकटीच गेले.

कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टर लिन पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, आठ-दहा इंग्लिश शब्दांवर काम चालवणाऱ्या. त्यांच्या हाताखाली सुरैय्या नावाची सीरियन बाई. ती केसपेपर भरायची, डॉक्टरांचं बोलणं पेशंटला समजावून सांगायची आणि सगळ्यांना खजूर वाटायची. तिला अरबी आणि आपल्याकडच्या लोकांकडून उचललेलं थोडं हिंदी यायचं.

केया माझ्या कडेवर होती. सुरैय्यानं कार्ड पुढे ओढलं.

"शुगर?"

"नो."

"प्रेशर?"

"नो."

मग तिनं विचारलं, "हमाल?"

मला निदान तसं ऐकू आलं. क्षणभर वाटलं, ही काय विचारतेय. मग डेंटिस्टचा प्रश्न आठवला, जड काही उचलता का. हमाल हा शब्द आपल्याकडे अरबीतूनच आला, हे मी एफ.वाय.ला वाचलं होतं. म्हणजे त्यांचा अर्थ तोच. शिक्षण कुठेतरी उपयोगी पडलं म्हणून मला बरंही वाटलं. मी कडेवरच्या केयाकडे बोट केलं आणि दातांतून म्हटलं, "येस. डेली."

ती माझ्याकडे जरा बघत राहिली. "कम शहर?"

शहराचं काही कळलं नाही, पण 'कम' कळला. "हां, कम," मी म्हटलं. "अभी कम."

ती हसली. मग एकेक बोट वर करत गेली. "वन? टू? थ्री?"

केयाचं वय विचारतेय, मी समजले. साडेतीन सांगायला आणखी तोंड उघडावं लागलं असतं. "थ्री."

"माशाल्ला," सुरैय्या म्हणाली आणि उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं. मग ती उठली, केयाला माझ्या कडेवरून अलगद काढून घेतलं आणि मला हात धरून पलंगापर्यंत नेलं. या लोकांची पेशंटशी वागायची पद्धत किती चांगली, असं मी घरी आल्यावर निखिलला सांगितलं.

डॉक्टर लिननी दोन्ही मनगटांची नाडी बराच वेळ बघितली. उजवा हात हातात घेऊन मैमुनाबींनी दाखवलेली तीच जागा कापसानं पुसली. सुईचं पाकीटही उघडलं. मग त्यांची नजर कार्डाकडे गेली. सुरैय्याशी काहीतरी बोलणं झालं आणि सुई परत ठेवली गेली. त्याऐवजी कानापुढे दोन केसासारख्या सुया लागल्या. टोचल्याचं कळलंही नाही. दहा मिनिटांत खलास.

पडद्याच्या फटीतून शेजारच्या पलंगावरची फिलिपिनो बाई दिसत होती. तिच्या दोन्ही हातांत सुया उभ्या होत्या. मी माझ्या हाताकडे बोट दाखवून विचारलं, "हॅण्ड?"

डॉक्टरनी बोट हलवलं. "यू, नो." आणि स्वतःच्या पोटावर तळवा ठेवला.

उपाशीपोटी चालत नाही, असं म्हणत असणार. पुढच्या वेळी मी दोन इडल्या दुधात चुरून खाऊन गेले. तरी नाहीच. पुन्हा पोटावर तळवा, पुन्हा दोन सुया, आणि माझ्यासाठी आणलेला दुधाचा ग्लास. तोंड दीड बोटाचं दीड बोटच होतं. पोट भरलेलं असूनही चालत नाही म्हणजे हिला माझ्या पोटात काही दिसलं का, या विचारानं मी त्या रात्री झोपले नाही. नाडीवरून रोग ओळखतात म्हणे हे लोक. निखिलला उठवून विचारलं, तर तो म्हणाला, "उर्मिला, जबड्यासाठी गेलीयेस ना, जबड्यावर थांब."

तिसऱ्या वेळी तो रास अल खोरच्या ऑफिसातून लवकर निघून मला न्यायला आला. मी चपला घालत होते तेव्हा सुरैय्या त्याच्याशी बोलत होती. त्याचा हात हातात घेऊन हलवत होती.  नहदाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "तुला मला काही सांगायचंय का?"

"काय?"

"काही नाही. असलं तर सांग."

मला वाटलं, मी माहेरी केलेल्या आयएसडी कॉलचं बिल बघितलं यानं.  घरी आल्यावर त्यानं भाजीच्या पिशव्या स्वतः वर आणल्या, केयाला अंघोळ घातली आणि मी पाण्याची बाटली उचलली तर ती हातातून काढून घेतली. चार दिवस हे असंच चाललं. लग्नाला पाच वर्षं झाली, इतकं लक्ष त्यानं कधी दिलं नव्हतं. आणि या चार दिवसांत तो माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मी त्याचं पाकीट लपवलंय आणि मी ते कबूल करण्याची तो वाट बघतोय. मी विचारावं तर बोलणंच अवघड. एक वाक्य बोलले की कानापर्यंत कळ जायची.

त्यातच बुधवारी अर्चना मॅडमकडे जायचं होतं. माझी यादी आता चाळीस शब्दांवर गेली होती आणि मी ती अभिमानानं नेली होती. मॅडमनी केयाला चित्रं दाखवली. घर. चेंडू. मासा. केया सांगत होती, एकेक शब्द, न चुकता. मॅडमनी पुस्तक मिटलं.

"हिचे दात दुखतात का?"

"नाही. का?"

"दात आवळून बोलतेय. बघा ना." त्यांनी आरसा पुढे केला. "केया, म्हण 'मासा'."

केयानं ओठ हलवले. दात मिटलेले, जबडा जागचा हललाही नाही. शब्द फटीतून आला, "म्‌सा."

"शाळेत हे कोणाला कळणार नाही," मॅडम म्हणाल्या. "घरी कोणी असं बोलतं का?" आणि मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी उत्तर दिलं असतं तरी ते तसंच, दातांतूनच निघालं असतं.

सोमवारी इंटरव्ह्यू होता. मधे चार दिवस. माझं तोंड उघडल्याशिवाय तिचं उघडणार नव्हतं. ती मला बघूनच शिकत होती, आणि नीट शिकत होती.

गुरुवारी सकाळी मी मैमुनाबींचं दार वाजवलं. नातवाला लेकीच्या स्वाधीन करून त्या परवाच परतल्या होत्या. "चला माझ्याबरोबर," मी म्हटलं. "तिला सांगा, मला हातात सुई लाव. मला ती फसवतेय."

"फसवेल कशाला? अगो, मुस्काट उघड जरा, मला कळत नाय तू काय बोलतेस."

दवाखान्यात आम्हाला शेजारशेजारचे पलंग मिळाले. मैमुनाबींच्या हातात सुई गेली, डोक्यात तीन गेल्या. मला दोन. त्यांनी पडल्यापडल्या सुरैय्याला हाक मारली आणि अरबीत झाडायला सुरुवात केली. मला 'हिंदी' आणि 'बेचारी' एवढंच कळलं. सुरैय्यानं हात पसरले, माझं कार्ड आणून त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

मैमुनाबींनी ते वाचलं. मग मान न हलवता नुसते डोळे माझ्याकडे वळवले. "मला सांगितलंस नाय ते. दिवस गेलेत तुला?"

"मला? नाही."

"कार्डावर लिहिलंय, हामिल. तिसरा महिना."

"हामिल म्हणजे?"

"पोटुशी गो."

"तिनं मला हमाल विचारलं. उचलते का म्हणून."

"हामिल. हा-मिल."

"आणि 'कम शहर' काय? मी सांगितलं, कम."

"कम म्हणजे किती. शहर म्हणजे महिना. किती महिने, म्हणून विचारलं तिनं." त्यांचं पोट हलायला लागलं. "नको, नको बोलू. सुया हलतात माझ्या."

मला हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर निखिल होता, पाण्याची बाटली काढून घेणारा. चार दिवस त्याला वाटत होतं की मी तीन महिन्यांची गरोदर आहे आणि त्याला सांगत नाहीये. आणि डॉक्टरणीचा तो पोटावरचा तळवा. आणि दूध. सगळे माझ्याशी नाही, कोणा दुसऱ्याच बाईशी वागत होते.

मैमुनाबींनी सुरैय्याला समजावलं. ती दोन वेळा 'अस्तगफिरुल्ला' म्हणाली, मग तिला हसू आवरेना. तिनं कार्डावरचं खोडायला पांढऱ्या शाईची बाटली आणली. डॉक्टर लिन मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नवं पाकीट फोडलं, माझा उजवा हात घेतला आणि अंगठ्यानं ती जागा दाबली. दाबल्याबरोबर एक जड कळ कोपरापर्यंत गेली, आणि मला खरोखर वाटलं की जबड्यात काहीतरी हललं. कदाचित मला वाटायचं होतं म्हणून.

"या जागेची सुई पोटुशीला लावत नायत," मैमुनाबी म्हणाल्या. "म्हणून थांबली ती तीन वेळा."

डॉक्टरनी सुई धरली आणि सुरैय्याकडे बघितलं. सुरैय्यानं पांढऱ्या शाईचं झाकण उघडलं आणि नियम म्हणून पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. "हा-मिल?"

आता मला प्रश्न कळत होता.

आणि उत्तर येईना. गेल्या वेळची पाळी कधी आली होती? इंटरव्ह्यूची तारीख कळवणारं शाळेचं पत्र आलं त्या दिवशी. तो शनिवार होता. त्यानंतर अर्चना मॅडमचे पाच बुधवार, मधे एक त्या आजारी होत्या म्हणून रद्द. मी मनात बोटं मोजली. सहा आठवडे होत होते. केयानंतर माझं सगळं मागेपुढे होतंच, काळजीनं तर होतंच होतं. दर वेळी उशीर होतो आणि दर वेळी काही नसतं. या वेळी मी उशीर झाल्याचंही बघितलं नव्हतं. मी, जी मुलीचे शब्द मोजते.

"सांग गो. नाय म्हण," मैमुनाबी म्हणाल्या.

नाही म्हटलं असतं तर सुई त्याच क्षणी गेली असती. तोंड उघडलं असतं, निदान थोडं. शुक्रवार, शनिवार, रविवार, पूर्ण तीन दिवस केयासमोर बसून मासा, घर, माझं नाव केया. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती आणि माझ्याचकडे बघत होती, दात आवळून. आणि नसणारच काही. शंभरातले नव्वद नाहीच. मग ते दहा कुठून येत होते ते मला कळेना. भीती नको असताना दिवस जाण्याची होती, की असलंच तर सुईनं त्याला काही होईल याची, तेही कळेना. आमचं ठरलेलं होतं, केया बोलायला लागल्याशिवाय दुसरं नाही.

"मालूम नहीं," मी म्हटलं.

"येस?" सुरैय्यानं विचारलं. "नो?"

"मालूम नहीं."

तिनं कार्डाकडे बघितलं. तिथं दोनच चौकोन होते. ब्रशवरची शाई वाळत चालली होती.

डॉक्टरनी माझा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग सुई ट्रेमध्ये ठेवली. "टेस्ट," त्या म्हणाल्या. "देन कम." हा तिसरा 'कम' मला कळला.

खालच्या लॅबमध्ये रक्त दिलं. गुरुवारी दुपारी ते बंद करायच्या घाईत होते. रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी, इन्शाल्ला. डॉक्टर लिन शनिवारी दुपारनंतर बसत नाहीत, रविवारी त्यांची सुट्टी. म्हणजे काहीही निघालं तरी सोमवारच्या आधी सुई नाही.

निखिल घ्यायला आला होता. मैमुनाबी मागे केयाजवळ बसल्या आणि मी पुढे. मी हमालापासून सुरुवात केली. दातांतून सांगायला वेळ लागला, दोनदा त्याला कळलं नाही, दोनदा मैमुनाबींनी मागून भाषांतर केलं.

"म्हणजे नाहीये," तो म्हणाला.

"माहीत नाही."

"म्हणजे आहे?"

"निखिल, माहीत नाही."

त्यानं समोरच्या लॉरीपासून गाडी बाजूला काढली. "मला वाटलं, तू घाबरून सांगत नाहीयेस. मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल. तोपर्यंत ओझी मी उचलतो."

"हमाल झालास रे तू," मागून मैमुनाबी म्हणाल्या, आणि तो हसला. मला हसायला गेलं की कळ येत होती.

शुक्रवारी सकाळी फार्मसीतून आणलेल्या पट्टीनं घरीच टेस्ट केली. एक रेघ स्पष्ट आली. तिच्या शेजारी दुसरी मला दिसत होती, अगदी फिकट. निखिलनं पट्टी खिडकीशी नेली, ट्यूबलाइटखाली धरली. त्याला दिसत नव्हती. मग म्हणाला, तुला दिसते म्हणतेस तर असेल. मग ती मलाही दिसेनाशी झाली.

पट्टी आम्ही मसाल्याच्या डब्यामागे ठेवली आणि नाश्त्याला बसलो. केया माझ्यासमोर आली आणि तिनं तोंड वर केलं, कॉमेंट्री सुरू व्हायची वाट बघत. मी निखिलकडे बघितलं. त्याला कळायला वेळ लागला.

"मी?" तो म्हणाला. "मला काय येतं त्यातलं?"

मी माझ्या तोंडाकडे बोट केलं, मग त्याच्या.

तो खुर्चीवरून उतरून फरशीवर बसला. हा माणूस ऑफिसातून आल्यावर जेमतेम चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन रिमोटबद्दल. त्यानं घसा साफ केला. "हे पोहे," त्यानं बशी उचलून दाखवली. "पो-हे." त्यानं तोंड एवढं उघडलं की दाढेचं चांदीचं फिलिंग दिसलं.

"प्‌हे," केया म्हणाली. दातांतून.

"नाही गं. असं बघ. आ कर. आ."

केयानं त्याच्या तोंडात वाकून पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं, माझ्या मिटलेल्या दातांकडे. पुन्हा त्याच्याकडे. यातलं खरं कोणाचं, हे तिला ठरवता येत नव्हतं. 'बाबांचं बघ' म्हणायला मी तोंड उघडू लागले आणि मधेच थांबले, कारण माझ्याकडून पुन्हा तसंच निघालं असतं. मी नुसती मान हलवली, त्याच्या दिशेनं.

ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं तोंड उघडलं, खूप मोठं, पडजीभ दिसेल इतकं. आत शब्द काही नव्हता.

"चालेल," निखिल म्हणाला. तोही तोंड तसंच उघडं ठेवून बसला होता, त्यामुळे ते धड कळलंही नाही. "आज एवढंच चालेल."